नऊ तास आणि एक थर्मास

आमच्या ह्यांना एका जागी बसता येत नाही. ऐंशीला टेकले तरी जेवता जेवता दोनदा उठतात, एकदा गोठ्याचं दार लावायला आणि एकदा ते लावलं का बघायला. राहुरीजवळच्या आमच्या बेलापुरात त्यांना सगळे ढोरडॉक्टर म्हणतात. खरं तर ते डॉक्टर नव्हेत, सरकारी स्टॉकमन, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या हाताखालचे मदतनीस होते, पण गावानं दिलेली पदवी सरकारला काढून घेता येत नाही. अशा माणसावर एकदा मुंबईत नऊ तास नुसतं थांबायची पाळी आली. त्यातल्या तिसऱ्या तासाला मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, आणि पाचवा संपायच्या आत त्यांचं होत्याचं नव्हतं करून ठेवलं. हे मी आजवर एकीखेरीज कुणाला नीट सांगितलेलं नाही.

ह्यांचं नाव शामकांत. घर भिक्षुकीचं. माझे सासरे सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत पंचक्रोशीतलं सगळं करत आणि थोरल्या मुलानं तेच पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा लागला गायींच्या मागे. गावठी गायींना जर्सी वळूचं रेत नळीनं भरायचं, म्हणजे पुढची कालवड दुधाला चांगली निघते, अशी सरकारची योजना तेव्हा नवी होती. ह्यांचं काम ते. सासरे त्यांना अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. सासूबाई मात्र चारचौघींत सांगत, आमचा शाम दूधखात्यात साहेब आहे.

साल एकाहत्तर. राहुरीच्या पलीकडे एक वाडी होती आणि ह्यांचा जीव तिथं अडकलेला होता. आदल्या वर्षी रेताच्या नळ्या रेल्वेनं आल्या, वाटेत तापल्या, आणि वाडीतली एकही गाय गाभण राहिली नाही. लोक म्हणाले, सरकारचं इंजेक्शन पोकळ आहे. मालनबाई नावाची एक विधवा बाई होती, पाच एकर कोरडवाहू आणि दावणीला एक गाय एवढाच तिचा संसार. भर चावडीत तिनं एकटीनं ह्यांची बाजू घेतली. पण नंतर ह्यांना बाजूला घेऊन बजावलं की यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा ह्या वाटेला येऊ नका. तिनं पाठ फिरवली की वाडी पाठ फिरवणार, आणि वाडीच्या मागोमाग आजूबाजूची चार गावं. ह्यांनी तिला शब्द दिला की ह्या खेपेला नळ्या मी स्वतः हातात घेऊन येईन.

मे महिन्यात ह्यांचं बंगळूरचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण संपलं आणि तिथल्या एका फार्मावरच्या नळ्या खरोखरच ह्यांच्या हाती देऊन, रेल्वेचा अनुभव नको म्हणून, विमानाचं तिकीट काढलं गेलं. सकाळी नऊला सांताक्रूझ, संध्याकाळी सहाला तिथून पुण्याचं विमान, आणि पुण्याला मच्छिंद्र ड्रायव्हर जीप घेऊन उभा. मधले नऊ तास मोकळे. तिथले साहेब म्हणाले, मजा आहे तुमची, गेटवे बघा, राणीची बाग बघा, एखादा सिनेमा टाका. सासूबाईंना पत्रातून ह्या नऊ तासांचा पत्ता लागला आणि त्यांनी ते ताबडतोब वापरून टाकले. पार्ल्याची एक मुलगी सांगून आलेली होतीच. पार्लं विमानतळाला खेटून. त्यांनी आमच्या अण्णांना कळवलं की मुलगा बुधवारी विमानानं येतो आहे, बारा वाजता मुलगी बघून घेईल.

ती मुलगी मी. आमच्या इमारतीवरून दिवसभर विमानं जायची, पण विमानातून उतरून कुणी आमच्याकडे आलेलं नव्हतं. आईनं दोन दिवस आधीच पडदे धुवून काढले. मी इंटर सायन्सला होते, स्वतःला फार शहाणी समजत होते, आणि असं बाहुलीसारखं कुणासमोर बसायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

तिकडे ह्यांची काय अवस्था होती ते मला लग्नानंतर कळलं. हातात रुंद तोंडाचा मोठा थर्मास. आत बर्फ, बर्फात रबरी पिशवी, पिशवीत कापसात गुंडाळलेल्या सहा काचेच्या नळ्या. त्या गार राहायला हव्यात, हे कुणालाही समजेल. पण त्या गोठताही कामा नयेत. तापल्या तरी गेल्या आणि गोठल्या तरी गेल्या. विमानातून उतरल्यावर ह्यांनी झाकणाला कान लावून थर्मास हलवला, तर आत खळखळ ऐकू आली. बर्फाचं पाणी होत चाललं होतं. तिथून पुढे दोन तास हा माणूस विमानतळावर नुसता भिरभिरत होता. पंख्याखालच्या बाकावर बसायचं, ऊन सरकत आलं की उठायचं, दुसऱ्या बाकावर बसायचं, तिथं कुणी सिगारेट पेटवली की पुन्हा उठायचं. पोलिसानं दोनदा हटकलं. उपाहारगृहात नुसता बर्फ मागितला तर तो मिळेना, सरबत घेतलं तर ग्लासात दोन खडे येतात असं कळलं. ह्यांनी लागोपाठ चार ग्लास सरबत मागवलं, खडे रुमालानं पुसून थर्मासात टाकले आणि सरबत टाकून देणं जिवावर आलं म्हणून पिऊन टाकलं. तेवढ्यानं काय होतं? खळखळ चालूच राहिली.

बाराला दहा कमी असताना ते आमच्या दारात उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले, थर्मास छातीशी धरलेला. आई आतून फटीतून बघत होती. ती मला म्हणाली की विमानात चहा भरून देतात वाटतं. अण्णांनी खुर्ची दिली. ह्यांनी थर्मास खाली ठेवायला नकार दिला, मग दोन्ही पायांच्या मध्ये ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. अण्णांनी प्रवास कसा झाला विचारलं. उत्तर न देता ह्यांनी विचारलं, इथे बर्फ मिळेल का. मुलगी बघायला आलेल्या माणसाचं आमच्या घरातलं ते पहिलं वाक्य.

अण्णा म्हणजे शाळेचे हेडमास्तर. प्रश्न अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बर्फ कशाला? औषध गार ठेवायचं आहे. कुणाचं औषध? सरकारी. कुणाला द्यायचं? गुरांना. इतकं झाल्यावर अण्णांना वाटलं, साहेब माणूस आहे, लस वगैरे असेल. इमारतीत फ्रीज एकच, शेजारच्या काकूंकडे. मी दाराशी पोह्यांची तयारी बघायच्या निमित्तानं उभी होतेच. अण्णांनी मला हाक मारली आणि थर्मास घेऊन जायला सांगितलं. ह्यांनी तो माझ्या हातात दिला, पण बोटं सोडायला थोडा वेळ लावला.

"बर्फ नुसता वरून घाला," ते मला म्हणाले. "आतल्या पिशवीला हात लावू नका, कारण ती—"

"गोत्र कोणतं म्हणालात?" अण्णांनी विचारलं.

कारण राहून गेलं. आमच्यात मोठ्यांचं बोलणं चालू असताना मुलीनं मध्ये थांबून विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही. काकूंच्या फ्रीजमध्ये ट्रेभर बर्फसुद्धा नव्हता. सकाळी पन्हं झालं होतं, त्यात संपला होता, आणि नवीन पाणी नुकतं लावलेलं होतं. पाच-सहा लहान तुकडे निघाले. थर्मासात बघितलं तर अर्ध्याहून जास्त पाणी. मी विचार केला, आणि माझा विचार अगदी शास्त्रशुद्ध होता असं मला तेव्हा वाटलं. औषध गार ठेवायचं आहे ना, मग ह्या चार तुकड्यांत भिजत ठेवण्यापेक्षा सरळ बर्फाच्या कप्प्यातच ठेवू, निघताना तोवर जमलेला बर्फ भरून देऊ. मी पिशवी काढली, वरच्या कप्प्यात ट्रेवर ठेवली, झाकण लावलं. थर्मासातलं पाणी मोरीत ओतलं.

पोहे घेऊन मी पुढे गेले. "भरला का?" ह्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. ती एकच वेळ, जेव्हा ते माझ्याकडे नीट बघून हसले. त्यानंतरचा पाऊण तास हा माणूस वेगळाच झाला. पोटात चार ग्लास सरबत, तरी बशीभर पोहे संपवले. वाडीबद्दल बोलले, मालनबाईची गाय कशी आहे, कपाळावर पांढरा चट्टा आहे, ती बुधवारी-गुरुवारी माजावर येईल असा निरोप आला आहे, उद्या सकाळी आठला पोचायचं आहे. बोलताना हात हलत होते, पाय हलत होते. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला तो माणूस आवडायला लागला होता. तशी मी जरा हट्टी, पण ते मनाशी कबूल करून टाकलं.

मग अण्णांनी विचारलं, हे औषध नेमकं कोणत्या रोगावरचं.

"रोगावरचं नाही," ह्यांनी अगदी सहज सांगितलं. "जर्सी वळूचं रेत आहे. गाय गाभण करायला. गार ठेवलं की तीन दिवस टिकतं. फक्त गोठू द्यायचं नाही, गोठलं की त्यातला जीव मेला."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सासूबाईंनी वर्णन केलेला दूधखात्यातला साहेब त्या क्षणी आमच्या घरातून गेला, हे मला कळलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या कानात फक्त शेवटचं वाक्य घुमत होतं. मी बश्या उचलायच्या निमित्तानं उठले आणि काकूंकडे धावले.

पिशवीचं एक टोक कडक झालं होतं. कापूस ताठ, नळ्यांवर पांढरं धुकं. मी ती पदरात घेऊन चोळली, तळहातात धरली, फुंकर घातली. मग थर्मासात घालून वरून अर्धवट जमलेला बर्फ ओतला आणि झाकण लावलं. हात गारठले होते. कुणाला तरी सांगावं असं मनात आलं आणि तेवढीच भीती वाटली.

ते निघायला उभेच होते. मी थर्मास पुढे केला. त्यांनी झाकण काढलं, दोन बोटं आत घातली, आणि पिशवी चाचपली. चाचपतच राहिले. मग वर पाहिलं, माझ्याकडे. माझा चेहरा कुणीही वाचला असता.

"चांगला गार झालाय," ते अण्णांना म्हणाले. "निघतो मी." वाजले होते दोन. विमान सहाला होतं. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.

ते चार तास त्यांनी विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर काढले, चालत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हेही त्यांनी मला सांगितलेलं नाही. पुण्याला बुटाचे तळ घासलेले बघून मच्छिंद्रनं विचारलं होतं, आणि पुढचं सगळं मला मच्छिंद्रकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, वाडीवर जायच्या आधी, गुरांच्या सरकारी दवाखान्यात ह्यांनी एकेका नळीतला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सहाही नळ्यांत काही हलत नव्हतं. तिथल्या वरच्या साहेबांचा सल्ला असा पडला की टोचून टाका. दहातल्या चार गायी तशाही राहत नाहीत, कोण विचारणार आहे. ह्यांनी ऐकून घेतलं आणि थर्मास मोरीत रिकामा केला.

वाडीत चार गायी बांधून लोक वाट बघत होते. मालनबाईची गाय पहाटेपासून हंबरत होती. ह्यांनी जीपमधून उतरून तिथल्या तिथे सांगितलं की नळ्या गोठल्या, माझ्या हातून गोठल्या, आज काही होणार नाही. मच्छिंद्र म्हणायचा, त्या दिवशी लोकांनी जे तोंडसुख घेतलं तेवढं मी उभ्या नोकरीत ऐकलं नाही, आणि डाक्टरसाहेब मान खाली घालून उभे. कुणी म्हणालं, मुंबईत मजा मारत बसला असेल.

आमच्याकडे दहा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, अण्णांच्या नावानं. लग्नाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. "आपल्या घरून बर्फ मिळाला, त्याबद्दल आभारी आहे. गायी गाभण राहण्याचे या खेपेस जमले नाही. दोष आपल्या बर्फाचा नव्हे, माझ्याकडून नळ्या सांभाळण्यात कसूर झाली. कळावे." उघडं कार्ड. पोस्टमनपासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. अण्णा संतापले, म्हणाले की भिक्षुकाच्या घरात जन्मून ह्या माणसाला असली भाषा सुचते कशी. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं, आणि अण्णांना सांगितलं की होकार कळवा. महिनाभर घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मार्गशीर्षात लग्न झालं.

लग्नानंतर मी तो विषय एकदाच काढला. पिशवी मी वरच्या कप्प्यात ठेवली होती, एवढं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "थर्मास माझ्या ताब्यात होता. ताब्यातली वस्तू ज्यानं सोडली, जबाबदारी त्याची." आणि उठून गोठ्याकडे गेले. पुन्हा कधी बोलू दिलं नाही. मला ते लागलं. माझी चूक त्यांनी मला माझी म्हणूसुद्धा दिली नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता, पुढच्या वर्षी त्याहून नव्हता. गावोगाव जनावरं उपाशी मरायला टेकली. मधल्या, बहात्तरच्या उन्हाळ्यात ह्यांना जनावरांना फऱ्या रोगाची लस टोचायला वाडीवर जायचं होतं, मी हट्टानं बरोबर गेले. ते आणि मच्छिंद्र वेशीजवळ जनावरं गोळा करत होते. मी मालनबाईचं घर विचारत गेले.

ती ओसरीत मटकी निवडत बसली होती. समोर दावण रिकामी, खुंट्याला दोर तसाच. मी कोण ते सांगितल्यावर तिनं बस म्हटलं नाही. सूप हलवत म्हणाली, "तुमच्या मालकानं माझी गाय घालवली. घोडेगावच्या बाजारात इकली दिवाळीत. भाकड गाईला चारा कुठून घालनार? गाभन असती तर इकली नसती मी, सोता उपाशी ऱ्हायले असते."

मी सांगितलं. फ्रीज काय असतो इथपासून सांगितलं. तुम्ही ज्यांना बोल लावता त्यांनी मला बजावलं होतं हात लावू नका म्हणून, आणि मी लावला. त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. वर्षभर तुमच्या सगळ्यांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, त्या माझ्या होत्या. मला वाटलं ही आता मला घालवून देईल, आणि तिनं तसं केलं असतं तर ते रास्तच होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. दावणीकडे एकदा बघितलं.

"त्यास्नी म्हाईत हाय का, तुमी मला सांगायला आलाय ते?"

मी नाही म्हटलं.

"मंग कळू देऊ नका. कवाच न्हाई." ती उठली, गुडघे धरत. "चारचौघात मान खाली घालून हुबा ऱ्हायलाय त्यो मानूस तुमच्यापायी. आता तुमी सांगत फिरलात, तर त्याचं ते हुबं ऱ्हानं वाया जाईल."

मग ती तशीच वेशीपर्यंत माझ्या पुढे चालत गेली. ह्यांनी तिला येताना पाहिलं आणि हातातली सुई खाली घेतली, काही ऐकून घ्यायची तयारी केल्यासारखे उभे राहिले. मालनबाई म्हणाली, डाक्टर, काम झालं की जेवून जावा, मटकी टाकतीय. ह्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुसऱ्या जनावराचा दोर धरायला वाकले.